न्यायाचा तास आणि शाळेचा दिवस

तापीचा उत्तर काठ आणि सातपुड्याचा पायथा यांच्या मधल्या पट्ट्यात पसरलेल्या, खानदेशातील चोपडा तालुक्यात दोन वेगळी जगे शेजारी नांदतात. दक्षिणेकडे केळी-कापूस पिकवणारी, काळ्या जमिनीची, अहिराणी आणि तिच्या शेजारबोली बोलणारी गावे आहेत, तर उत्तरेकडे मध्य प्रदेशाच्या हद्दीपर्यंत पावरा, बारेला, भिल्ल आणि तडवी समाजांचे पाडे आहेत. विधानसभेचा चोपडा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे आणि डोंगरपट्ट्यातील आश्रमशाळांचा कारभार यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे. अशा तालुक्यातील शाळेत सामाजिक न्याय आणि जीवनकौशल्ये शिकवू पाहणाऱ्या स्वयंसेवी संस्थेपुढे पहिला प्रश्न पुस्तकाचा नसतो. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांची घरची भाषा, घरची शेती आणि गावातली पत यांत जे अंतर असते, त्याविषयी शाळेत मोकळेपणाने बोलता येईल का, हा असतो.

‘जीवनकौशल्ये’ ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात रूढ केली. निर्णय घेणे, समस्या सोडवणे, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध जपणे, स्वतःची ओळख, समानुभूती, भावनांचे आणि ताणतणावाचे नियोजन अशी दहा कौशल्ये तिने मांडली. या यादीत न्याय हा शब्द नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ताण सहन करण्याचे कौशल्य मुलीला शिकवले आणि तो ताण तिच्या लवकर ठरलेल्या लग्नामुळे आला आहे हे मात्र वर्गात उच्चारलेच नाही, तर ते शिक्षण सोसण्याचे शिक्षण ठरते. सामाजिक न्यायाचे शिक्षण म्हणजे जात, लिंग, धर्म, भाषा आणि गरिबी यांमुळे संधी कशा वाटल्या जातात हे समजून घेणे आणि ती वाटणी बदलता येते हे ओळखणे. त्याच्या जोडीवाचून जीवनकौशल्ये पोकळ राहतात, आणि बोलण्या-ऐकण्याच्या कौशल्यावाचून न्यायाची भाषा नुसती घोषणा होते.

खानदेशाला हा विचार नवा नाही. तापी ओलांडून गेले की अमळनेर लागते. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयाचे कामही पाहत होते. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही कामे त्यांनी स्वतः केली आणि हाताने लिहिलेल्या छात्रालय दैनिकातून मुलांशी रोज संवाद ठेवला. हलकी मानली गेलेली कामे शिक्षकानेच हाती घेतल्यामुळे श्रमप्रतिष्ठा हा तेथे धड्याचा विषय राहिला नाही. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण करणारे गुरुजी आणि छात्रालयात केरसुणी हाती घेणारे गुरुजी यांच्यात तुटकपणा नाही. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने हीच परंपरा शाखा, शिबिरे, समूहगीते आणि कलापथके यांच्या रूपाने शाळकरी मुलांपर्यंत नेली. जात-धर्मनिरपेक्ष एकत्र खेळणे आणि एकत्र जेवणे हाच त्या शिक्षणाचा गाभा होता.

आजच्या संस्थांच्या पद्धती यापेक्षा वेगळ्या आणि आपसातही भिन्न आहेत. जळगावच्या गांधी रिसर्च फाउंडेशनतर्फे विद्यार्थ्यांसाठी गांधी विचार संस्कार परीक्षा घेतली जाते. त्या निमित्ताने खेड्यातील मुलाच्या हाती अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक पडते, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र लेखी परीक्षेत वाचन मोजता येते, वागणे मोजता येत नाही, ही मर्यादा परीक्षा या साधनाचीच आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून चमत्कारांमागचे विज्ञान प्रयोगांनी उलगडून दाखवत आली आहे. सातपुड्यात एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवून छळण्याची प्रथा आढळते, त्यामुळे येथे वैज्ञानिक दृष्टिकोन हा केवळ विज्ञानाच्या तासाचा विषय उरत नाही, तो थेट न्यायाचा विषय होतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती आठवीच्या मुलाला असणे अशा पाड्यावर एखाद्या बाईच्या जिवाचे रक्षण करू शकते.

सर्वांत व्यापक प्रयोग शांतिलाल मुथा फाउंडेशनच्या ‘मूल्यवर्धन’ या कार्यक्रमाचा म्हणता येईल. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील ५०० शाळांत सुरू झालेला हा उपक्रम पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने ३४ जिल्ह्यांतील जिल्हा परिषद शाळांपर्यंत पोहोचला. राज्यघटनेच्या उद्देशिकेतील न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही मूल्ये जोडीचर्चा, गटचर्चा, खेळ आणि गोष्टी यांतून मुलांनी स्वतः अनुभवावीत, अशी त्याची रचना आहे. उद्देशिकेचे सामूहिक वाचन २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत सक्तीचे झाले आहे. पण म्हणणे आणि उमजणे यांतील अंतर जोडीदाराशी बोलल्याशिवाय कमी होत नाही, हे प्रार्थनेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही पटेल.

अशा तासांनी खरोखर काही बदलते का, याचे सर्वांत ठोस उत्तर महाराष्ट्राबाहेर मिळते. हरयाणातील ३१४ सरकारी शाळांपैकी जवळपास निम्म्या शाळांत ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने सातवी ते दहावीच्या टप्प्यात सुमारे अडीच वर्षे स्त्री-पुरुष समतेवर वर्गचर्चा घेतल्या आणि कार्यक्रम झालेल्या व न झालेल्या शाळांची अर्थतज्ज्ञांनी तुलना केली. विषमतेकडे झुकलेल्या मतांपैकी सुमारे १६ टक्के मते बदलली, मुलगे घरकामात अधिक हात लावू लागले आणि कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनीही हा परिणाम टिकून होता. मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी कोरो ही स्वयंसेवी संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी मिळून ‘जेम्स’ या नावाचा उपक्रम राबवला होता, त्याचाही भर भाषणापेक्षा चर्चेवर आणि खेळावर होता. १६ टक्के हा आकडा कोणाला थोडा वाटेल. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या समजुतींच्या संदर्भात तो थोडा नाही. पण तो अडीच वर्षांच्या सलग कामाचा आकडा आहे, एका दिवसाच्या शिबिराचा नव्हे.

नेमकी येथेच अडचण आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि अनेक संस्थांचे कार्यक्रम या निधीवर चालतात. निधीचा हिशेब वर्षाचा असल्यामुळे कार्यक्रमही वर्षाचा होतो, आणि अहवालात शाळांची व विद्यार्थ्यांची संख्या मोठी दिसावी म्हणून खोलीपेक्षा पसारा वाढतो. बॅनर, नारळ, पाहुण्यांचे सत्कार, गटाचे छायाचित्र आणि पुढच्या शाळेकडे निघालेली गाडी असे शिबिर ग्रामीण शिक्षकांच्या चांगल्याच परिचयाचे असते. ज्या आश्रमशाळेत मूल वर्षाचा बहुतेक काळ राहते तेथे तर अशा भेटीचा उपयोग नाममात्र असतो. कारण ताटात काय पडते, तक्रार कोणाकडे करायची आणि झाडलोट कोणाच्या वाट्याला येते, यावरूनच ते मूल न्याय म्हणजे काय ते शिकत असते.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. पहिलीतल्या पावरा मुलाला प्रमाण मराठीत ‘तुझ्या भावना सांग’ असे म्हटले तर ते गप्प राहते आणि त्या गप्प राहण्याची नोंद संकोची स्वभाव म्हणून होते. याच सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठी, नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकापासून चालवलेल्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीतून शिक्षणाची सुरुवात केली आणि हक्कांचे शिक्षण जंगल, जमीन व पाणी यांच्याशी जोडले. लोकवर्गणीवर चाललेल्या त्या शाळांचा अनुभव चोपड्याच्या पाड्यांना मुंबई-पुण्याहून आलेल्या कोणत्याही पुस्तिकेपेक्षा जवळचा आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. संस्था शाळेच्या दारात आली की तिचा सत्कार करण्याआधी या समितीने तिला विचारावे, की कार्यक्रम किती वर्षे चालणार, तो मुलांच्या बोलीत होणार का, आणि संस्था निघून गेल्यावर तो चालवण्यासाठी शाळेतील कोणत्या शिक्षकाला ती तयार करणार आहे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास नकार देण्यास समितीने कचरू नये.