कानस घास, मग बोल!

आयटीआयचा निकाल लागला, की भोसरी, निगडी, महाळुंगे, चाकण या पट्ट्यात कंपन्यांच्या बसमध्ये नवे चेहरे दिसू लागतात. नवा ट्रेनी कोण, हे विचारायची गरज नसते. ज्याचे सेफ्टी शूज अजून चकचकीत आहेत आणि जो टाच सांभाळत लंगडतोय, तोच. जुनी मंडळी बसल्या बसल्या घोरायला लागतात. हा मात्र स्टॉप चुकेल म्हणून खिडकीला डोळे लावून बसतो, जणू बस कंपनी सोडून दुसरीकडे कुठे जाणार आहे!

या नव्या पोरापोरींना कारखान्याच्या बिरादरीत घेतात कसं? त्याच्या या काही गमतीजमती.

आधी अंगठी काढा

पहिल्या दिवशी मशीनला हात लावायला मिळेल, ही सगळ्यांची आशा पहिल्या तासातच मावळते. वाट्याला येतो वर्ग, प्रोजेक्टर आणि सेफ्टी ऑफिसर. अंगठी काढा, कडं काढा, गळ्यातलं आत घ्या, केस टोपीत कोंबा, ओढणी लॉकरमध्ये ठेवा. हा सेफ्टी ऑफिसरचा खडूसपणा आहे असं पोरांना वाटतं. पण चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे घट्ट हवेत, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहून ठेवलं होतं. फिरत्या शाफ्टला सैल बाही दिसली की तो ती मागून घेतो, आणि बाहीबरोबर हातही.

हाताची परीक्षा

फिटर ट्रेडच्या कुणालाही विचारा, सुरुवात कशाने झाली? उत्तर एकच, कानस. लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये आवळायची आणि घासत राहायचं. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात, आणि गुण्या लावून उजेडात धरलं की मधून फट दिसतेच. इन्स्ट्रक्टर काही बोलत नाहीत, जॉब परत देतात. पुन्हा घासा. सीएनसीच्या जमान्यात ही हमाली कशाला, असं पोरं कुरकुरतात. माझं मत इन्स्ट्रक्टरच्या बाजूने आहे. धातू किती ऐकतो आणि कुठे अडून बसतो, हे हाताला कळलं की पुढे स्क्रीनवरचा आकडा चुकला तरी शंका येते.

आकड्यांचं वेड तर इथे लागतंच. नेहमीचा व्हर्निअर कॅलिपर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो. ज्यांच्या नावावरून तो ओळखला जातो त्या फ्रान्सच्या पिएर व्हर्निए यांनी ही मोजपट्टी मांडली १६३१ साली, म्हणजे शिवरायांच्या जन्मानंतर वर्षभराने.

डोळे मिटून बोल्ट

मोठ्या कंपन्यांत लाईनवर जाण्याआधी ‘डोजो’ पार करावा लागतो. कराटेच्या आखाड्याला जपानीत हेच म्हणतात. इथे मारामारी होते ती नट-बोल्टशी. डब्यात हात घालून न बघता योग्य मापाचा बोल्ट उचला, ठरलेल्या सेकंदांत इतके स्क्रू बसवा, टॉर्क रेंचची ‘टक’ ऐकू आली की थांबा. आणखी एकदा दाबण्याचा मोह आवरणं, ही त्यातली सगळ्यात अवघड पायरी. गावाकडे ट्रॅक्टरचा नट जीव खाऊन आवळणाऱ्या पोरांना तर ती फारच जड जाते.

मग लाईनजवळच्या फळ्यावर नाव चढतं. नावापुढे चार भागांचं वर्तुळ. शिकतोय तोवर एक पाव रंगवलेला, कुणाच्या तरी देखरेखीखाली करतोय तर अर्धा, एकटा करतोय तर पाऊण. पूर्ण वर्तुळ कधी मिळतं? दुसऱ्याला शिकवता येऊ लागलं की. पगाराची स्लिप कुणी कुणाला दाखवत नाही, पण हा फळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे त्या पाव तुकड्यासाठी चुरस लागते.

शिकवायची ही रीत जपानची, असं सगळे धरून चालतात. मूळ मात्र अमेरिकेचं. दुसऱ्या महायुद्धात अनुभवी कामगार लढाईवर गेले आणि नवख्या बायाबापड्यांना घाईने शिकवायची वेळ आली. तेव्हा चार पायऱ्या ठरल्या: आधी माणसाला सैलावू द्या, मग काम करून दाखवा, मग त्याला करू द्या, मग अधूनमधून बघत राहा. युद्धानंतर हे जपानला गेलं, तिथे मुरलं, आणि आपल्याकडे आलं ते जपानी शिक्का घेऊन.

पत्त्यात फक्त नाव

आता या पट्ट्यातली सगळ्यात गाजलेली भरती. १९७४. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णीने टेल्कोची, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सची, जाहिरात वाचली. हुशार तरुण इंजिनिअर हवेत, खाली तळटीप: महिलांनी अर्ज करू नये. संतापून तिने पोस्टकार्ड लिहिलं, थेट जे. आर. डी. टाटांना. पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून नाव आणि पुढे ‘टेल्को’ एवढंच. कार्ड पोचलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, तेही जाण्यायेण्याच्या पहिल्या वर्गाच्या भाड्यासह. नोकरी मिळेल असं तिला वाटतच नव्हतं. हॉस्टेलच्या मैत्रिणी म्हणाल्या, फुकट पुण्याला जातेस तर साड्या घेऊन ये, आणि प्रत्येकीने तीस-तीस रुपये हातावर ठेवले.

मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने तिला समजावलं, की हे मुलामुलींचं एकत्र कॉलेज नाही, हा कारखाना आहे. तिने उत्तर दिलं, की कुठून तरी सुरुवात करावी लागेलच, नाहीतर एकही बाई तुमच्या कारखान्यात कधी येणार नाही. ती आली. आज ती सुधा मूर्ती म्हणून ओळखली जाते. हा किस्सा तिनेच लिहून ठेवला आहे. साड्यांचं पुढे काय झालं, हे विचारायचा मोह होतो खरा.

ज्या टेल्कोत हे घडलं तिची एक वेगळीच गंमत. साठच्या दशकात सुमंत मूळगावकरांच्या देखरेखीखाली पुण्यात काम सुरू झालं, पण इथून पहिली ट्रकगाडी बाहेर पडली १९७७ साली. मधली वर्षं साचे, यंत्रं आणि ती चालवणारी माणसं घडवण्यात गेली. आजच्या एखाद्या स्टार्टअपवाल्याला एवढा धीर धरायला सांगून बघा!

आणि मग दीड हजार

त्या एका पोस्टकार्डापासून जवळपास पन्नास वर्षांनी त्याच टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जोडणारी पूर्ण महिलांची लाईन उभी राहिली, सुमारे दीड हजार जणींची. चाकणला बजाजनेही डॉमिनार ही दणकट मोटरसायकल महिलांच्या लाईनवर जोडायला घेतली. रस्त्यावर ती गाडी फुरफुरवत ‘मर्दानी’ आव आणणाऱ्यांना हे कुणीतरी हळूच सांगायला हवं.

बायका आल्या की कारखान्याची रचनाच बदलते. चेंजिंग रूम हवी, स्वच्छतागृह हवं. त्या जुन्या कारखाने कायद्यानुसार तीसहून जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं असे. रात्रपाळीचं प्रकरण तर फार जुनं. राज्य सरकारने कितीही सवलत दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत बायकांना काम देता येत नसे. महाराष्ट्राने २०१५ साली कायद्यात दुरुस्ती करून, सुरक्षेच्या अटी घालून, हे दार उघडलं. खेड, जुन्नरकडच्या मुली आज ज्या बसमधून येतात, तिच्या वेळापत्रकामागे एवढं सगळं आहे.



  

कामगार की विद्यार्थी?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात एक मजेशीर वाक्य आहे: अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. करारावर सही करायची. उमेदवार अठराच्या आतला असेल तर सही पालकाची. त्याला विद्यावेतन मिळतं, पगार नाही. मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्तीही कंपनीवर नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. लोकांनी लगेच तिचं ‘लाडका भाऊ’ असं बारसं केलं, बहिणीही अर्ज करू शकत होत्या तरी.

म्हणूनच या पट्ट्यात लग्नाच्या बोलणीत पहिला प्रश्न ‘कुठे कामाला?’ हा नसतो. ‘परमनंट आहे का?’ हा असतो. नव्या पोरांचं स्वागत फूल, बॅग आणि टी-शर्ट देऊन होतं ते छानच. पण वर्षाने तोच पोरगा पुन्हा दुसऱ्या गेटवर नवखा म्हणून उभा दिसला, की त्या टी-शर्टचं फारसं कौतुक वाटत नाही.

डुबकी आणि झेंडू

नवख्यांची चेष्टा जगभर चालते. इंग्लंडच्या वर्कशॉपमध्ये त्यांना डावखुरा स्क्रू-ड्रायव्हर आणायला स्टोअरला पिटाळत. जर्मनीत छपाईचं शिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवाराला आजही पाण्याच्या हौदात बुचकळून काढतात, की झाला एकदाचा कारागीर! आपल्याकडे हे काम झेंडू करतो. खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून हार घालायची जबाबदारी ट्रेनींवर येते, आणि उत्तरेकडचे, ओडिशाचे सहकारी असतील तर त्याआधी सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजाही होते. म्हणजे प्रसाद दोनदा. देशभरातल्या आयटीआयचा पहिला दीक्षान्त समारंभही २०२२ साली सतरा सप्टेंबरलाच झाला.

बॉनेट तपासणारी पोरगी

चाकणच्या शेजारी, तळेगावात, जनरल मोटर्सचा कारखाना होता. आता तो ह्युंदाईने घेतला आहे. त्या जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा वयाच्या अठराव्या वर्षी, १९८० साली, कंपनीच्याच संस्थेत शिकता शिकता कारखान्यात दाखल झाल्या. काम काय? बॉनेट आणि मडगार्डचे पत्रे नीट आलेत का, ते तपासणं. म्हणजे आपल्याकडच्या क्वालिटीच्या ट्रेनीचंच काम. २०१४ साली त्या सीईओ झाल्या. तेव्हा लाईनवर पत्र्यावरून हात फिरवत उभ्या असलेल्या पोरीला सुपरवायझरने जरा सांभाळूनच ओरडावं.