साडेसातशे वस्तीचे गाव, दहा हजारांची वर्दळ!

एका बाजूला सरळ उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल सरोवर आणि मधल्या चिंचोळ्या जागेत, फडताळात भांडी रचावीत तशी एकावर एक रचलेली घरे! ऑस्ट्रियातील हालस्टाट हे गाव एखाद्या कॅलेंडरवरच्या चित्रासारखे टुमदार दिसते. पण तिथल्या माणसांची कहाणी आहे ती जागेच्या टंचाईची.

आल्प्स पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. दक्षिणेला जवळजवळ तीन हजार मीटर उंचीचा डाखस्टाइन पर्वत, तर समोरचे सरोवर सुमारे १२५ मीटर खोल! गावाची हद्द तशी ६० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पण त्यात बहुतेक सगळा डोंगर, जंगल आणि पाणी. घर बांधण्याजोगी जमीन उरते ती काठालगतच्या अरुंद पट्टीत.

मग अशा अडचणीच्या ठिकाणी माणसांनी वस्ती केली तरी कशासाठी? मिठासाठी! गावामागच्या डोंगरातून सुमारे सात हजार वर्षांपासून मीठ काढले जात आहे. २००२ मध्ये तिथल्या खाणीत एक लाकडी जिना सापडला. तो इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला निघाला. त्याआधी १८४६ पासून योहान गेओर्ग रामसाउअर या खाणीवरच्या अधिकाऱ्याने इथल्या सुमारे एक हजार प्राचीन कबरी उजेडात आणल्या होत्या. युरोपातील लोहयुगाच्या आरंभकाळाला आज 'हालस्टाट संस्कृती' म्हणतात, ते या चिमुकल्या गावावरूनच.

बाहेरच्या जगाशी संबंध मात्र बेताचाच होता. १८७७ मध्ये रेल्वे आली, तीही सरोवराच्या पलीकडच्या काठाने. आजही स्टेशनवर उतरल्यावर गावात जाण्यासाठी बोटीत बसावे लागते. कडा फोडून रस्ता केला गेला तो १८९० मध्ये. तोवर होडी किंवा अरुंद पायवाट, एवढेच काय ते मार्ग होते.

जागेची ही अडचण मृतांनाही चुकली नाही. चर्चच्या आवारातील दफनभूमी इतकी लहान, की दहा-पंधरा वर्षांनी जुनी कबर उकरून नव्यासाठी जागा करावी लागे. काढलेल्या कवट्या स्वच्छ करून, त्यांवर नाव आणि पानाफुलांची नक्षी रंगवून त्या एका कोठीत ठेवल्या जात. आज तिथे बाराशेच्या आसपास कवट्या आहेत आणि त्यातल्या सहाशेहून अधिक रंगवलेल्या आहेत! ऐकून अंगावर काटा येतो. पण गावकऱ्यांच्या लेखी ती आपल्या माणसाची आठवण जपण्याचीच रीत होती. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली आणि हळूहळू ही गरज उरली नाही.

१९९७ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पुढे २०१२ मध्ये चीनमधील ग्वांगदोंग प्रांतात या गावाची हुबेहूब प्रतिकृतीच उभी राहिली. कीर्ती वाढली, तशी गर्दीही वाढली. २०१९ च्या सुमारास हंगामातील एकेका दिवशी दहा हजारांपर्यंत पर्यटक येऊ लागले. २०२० मध्ये बसगाड्यांना वेळ ठरवून देण्याची पद्धत सुरू झाली, तरी ऑगस्ट २०२३ मध्ये शंभरेक गावकऱ्यांना गर्दीविरुद्ध रस्त्यावर उतरावेच लागले.

इकडे गावची वस्ती मात्र आटत चालली आहे. २००१ मध्ये साडेनऊशेच्या घरात असलेली लोकसंख्या आता साडेसातशेच्या आसपास आली आहे. घरांच्या किमती चढलेल्या, त्यामुळे नव्याने संसार थाटणाऱ्या जोडप्याला इथे छप्पर मिळणे सोपे नाही. दुसरीकडे, गावातल्या कितीतरी घरांची चूल पर्यटकांमुळेच पेटते! म्हणूनच त्यांची मागणी पाहुणे नकोत अशी नाही, ते बेताने यावेत एवढीच आहे.

त्या बाजूला जाण्याचा योग आलाच, तर तासाभरात फोटो काढून परतण्याऐवजी एखादी रात्र तिथे मुक्काम करावा. गल्लीतून जाताना आवाज जरा हळू ठेवावा आणि उघड्या दारातून आत डोकावू नये. कारण त्या चित्रासारख्या घरांमध्ये माणसे राहतात.