पार, भार आणि मार: निःशब्द उच्चाराचे मराठी कोडे

आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता, पार, फार, बार, भार आणि मार हे पाच शब्द एकामागून एक उच्चारून पाहावेत. ‘फार’ म्हणताना हल्ली अनेकांचे वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. तेवढा अपवाद सोडला, तर ओठ प्रत्येक वेळी सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. आरशातल्या माणसाने झाडाखालचा पार म्हटला, डोक्यावरचा भार म्हटला की पाठीवरचा मार, हे केवळ पाहून सांगता येत नाही. आवाज न करता बोललेले ओळखणाऱ्या यंत्रांवर जगभर संशोधन चालू आहे. त्या संशोधनाला मराठीपुरती जी अडचण येणार आहे, ती या पाच शब्दांत सामावलेली आहे.

उच्चार हे अनेक अवयवांचे एकाच वेळी चालणारे काम आहे. फुप्फुसांतून हवा वर येते, स्वरयंत्रातील स्वरतंतू कंप पावतात किंवा पावत नाहीत, मऊ टाळू नाकाची वाट उघडते किंवा बंद करते आणि जीभ व ओठ त्या हवेला आकार देतात. ‘प’ आणि ‘ब’ यांतला भेद कंपनाचा आहे. ‘ब’ आणि ‘भ’ यांतला श्वासाच्या जोराचा. ‘ब’ आणि ‘म’ यांतला मऊ टाळूचा. आपल्या शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण अशी विभागणी फार पूर्वीच केली. शाळेत पाठ होणारी वर्णमाला हा खरे तर मुखाचा नकाशाच आहे. क-वर्ग कंठापासून सुरू होतो आणि प-वर्ग ओठांवर संपतो.

निःशब्द उच्चारात या नकाशाच्या उभ्या रेषा शाबूत राहतात, आडव्या पुसल्या जातात. जीभ कुठे लागली हे कळते. स्वरतंतू कंपले का, श्वास किती जोराने सुटला, हे कळत नाही. इंग्रजीत ‘प’ आणि ‘ब’ या दोघांत घोटाळा होतो. मराठीत प्रत्येक वर्गात चार स्पर्शव्यंजने आणि वर एक अनुनासिक, म्हणजे घोटाळा अधिक दाट. गंमत अशी की, लिपी जे लपवते ते जीभ मात्र उघड करते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ ही आज्ञा, दोन्ही लिहिताना एकच. पण पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या मुळाशी. जिभेच्या हालचाली नेमक्या टिपणारे यंत्र हा भेद आवाजाविनाही पकडू शकेल.

अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात चक जॉर्गेनसन यांच्या गटाने २००४ मध्ये हनुवटीखाली आणि गळ्यावर संवेदक चिकटवून स्नायूंकडे जाणारे विद्युतसंकेत वाचून दाखवले. पहिल्या प्रयोगात सहा शब्द आणि दहा अंक होते. अचूकता सुमारे ९२ टक्के होती. २०१८ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये अर्णव कपूर यांनी जबड्यालगत बसणारे ‘अल्टरईगो’ हे उपकरण सादर केले. त्यात ओठ हलवण्याचीही गरज नव्हती. मनात शब्द उच्चारण्याचा इरादा केला की स्नायूंत उमटणारी सूक्ष्म चाहूल पुरेशी होती. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार परंपरेने सांगितले आहेत, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. वाचिक जप इतरांना ऐकू येतो, उपांशु जपात ओठ हलतात, मानस जपात तेही नाही. संशोधकांचा प्रवासही याच पायऱ्यांनी झालेला दिसतो.

मानस पायरीवर जुना वाद होता. विचार म्हणजे दबलेले बोलणेच, स्नायू थांबले की विचारही थांबेल, असे मानणारा मानसशास्त्रज्ञांचा एक गट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रबळ होता. १९४७ मध्ये स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून घेतला. क्युरारे वर्गातील औषधाने त्याचे सारे स्नायू लुळे करण्यात आले आणि श्वास कृत्रिम रीतीने चालू ठेवण्यात आला. बोटही हलवता येत नसताना तो शुद्धीवर होता, ऐकत होता, विचार करत होता. नंतर त्याने काय घडले ते सांगितले. स्नायूंवाचून विचार चालतो, हे सिद्ध झाले. मग शब्द शोधायचा तर थेट मेंदूत.

२०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने वाचा गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतील संकेतांपासून मिनिटाला अनुक्रमे ६२ आणि ७८ शब्द मिळवले. इंग्रजीतील सहज संभाषणाचा वेग १६० शब्दांच्या आसपास असतो. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने केवळ मनात म्हटलेली वाक्येही काही प्रमाणात उलगडली. मनातले सगळेच बाहेर पडू नये म्हणून त्यांनी एक सांकेतिक वाक्य ठरवले; ते मनात म्हटल्यावरच यंत्र ऐकू लागते. ही खबरदारी घ्यावी लागली, यातच बरेच काही आले.

मात्र या यंत्रांना मिळणारा संकेत नेहमीच संदिग्ध असतो. ‘पार’ की ‘भार’ हे शेवटी भाषेचे गणित ठरवते: आधीच्या शब्दांवरून पुढचा कोणता संभवतो, याचा अंदाज. माणसाचा कानही वेगळे करत नाही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅक्डोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवले की, कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांसमोर ‘गा’ म्हणणारे ओठ असतील, तर बहुतेक प्रौढांना ‘दा’ ऐकू येतो. आणि सवयीचे बळ पाळण्यापासूनच सुरू होते. जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये नोंदवले की, इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांचे मूल हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखते. वर्षाचे होता होता ती क्षमता ओसरते. मराठी घरातल्या मुलाला हा भेद रोज कानी पडतो.

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील निंबर्गा या गावाचा विचार इथे उपयोगी पडतो. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि नंतर त्याच नावाच्या राज्याच्या छत्राखाली असलेल्या या सीमापट्ट्यात कन्नड, मराठी आणि दख्खनी शेजारी नांदतात. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ हे वेगळे स्वर आहेत. मराठीत तो भेद नाही. उलट बोलीच्या कन्नडात महाप्राण सैल पडतात आणि मराठीतले दोन ‘च’, दोन ‘ज’ तिथे भेद म्हणून नसतात. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या कानाला दोन्ही हिशेब सांभाळावे लागतात. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा अभ्यास करून जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये मांडले की, तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जुळली आहे की शब्दामागे शब्द ठेवून भाषांतर होते. म्हणजे पुस्तकी मराठीवर पोसलेले यंत्र पुण्यात जेवढे बरोबर अंदाज बांधेल, तेवढे निंबर्ग्यात बांधेलच असे नाही. मराठी आणि कोकणी एकाच घरात बोलणाऱ्या गोव्यातील वाचकाला हे वेगळे सांगायला नको. दोन भाषांचा प्रश्न सुटणाराच नाही, असे मात्र नव्हे: सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २०२४ मध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत एकाच रुग्णाचे शब्द उलगडले, आणि मेंदूतील उच्चाराचे संकेत दोन्हींसाठी बरेचसे सामाईक असल्याचे त्यांना आढळले.

या साऱ्याची निकड कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेल्या माणसाला विचारावी. त्याची जीभ आणि ओठ धडधाकट असतात, पण श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालतो. गळ्याला लावायचे कंपयंत्र त्याला आवाज देते. तो आवाज अखंड घोष असतो, म्हणून त्याचा ‘पार’ ऐकणाऱ्याला ‘बार’ वाटतो. फुप्फुसातली हवा तोंडात येत नसल्याने महाप्राणाचा जोरही जातो आणि ‘भार’ही ‘बार’च्या जवळ सरकतो. इंग्रजी रुग्णाच्या तुलनेत मराठी रुग्णाचे अधिक वर्ण असे एकमेकांत मिसळतात. ते सुटे करायचे, तर आवाजाविना बोललेल्या मराठीचे नमुने लागतील: स्नायूंच्या संकेतांसह टिपलेले, प्रमाण भाषेचे आणि आळंद-बसवकल्याणकडच्या बोलण्याचेही.