विश्लेषण : तंबाखूचा ‘बार’ डीएनएचे काय करतो?

घाटकोपर असो वा बोरिवली, लोकलची वाट पाहताना तळहातावर तंबाखू-चुना मळणारे दिसतातच. राज्यात २०१२मध्ये गुटखाबंदी आली, साध्या तंबाखूची पुडी मात्र टपरीवर मिळते. पण धूर नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे.

तंबाखूतील ‘एनएनके’ हे रसायन शरीरात सक्रिय झाले की डीएनएमधील ग्वानिनला मिथाइल गट चिकटतो. ‘एमजीएमटी’ नावाचे प्रथिन तो गट स्वतःवर ओढून घेते, पण एका दुरुस्तीतच निकामी होते. पेशीला नवे प्रथिन तयार करावे लागते. दुरुस्तीआधीच पेशीचे विभाजन झाले, तर डीएनएची नक्कल चुकू शकते आणि ती चूक कायम राहते. अशा चुका साठल्या की कर्करोगाचा धोका वाढतो.

प्रत्येक बार ही नवी जखम असते. तंबाखू सोडली की दुरुस्तीला उसंत मिळते.