ज्येष्ठ नागरिकांचा आरोग्य विमा (पुणे)

ज्येष्ठ नागरिकांचा आरोग्य विमा म्हणजे साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीच्या रुग्णालयातील उपचारांचा खर्च भागवणारा विमा करार होय. निवृत्तांचे शहर अशी पुण्याची जुनी ओळख असल्याने येथे हा प्रश्न घरोघरी उद्भवतो. तरुणपणी विमा रक्कम आणि हप्ता हे दोन आकडे पाहून निर्णय घेतला तरी सहसा बिघडत नाही; उतारवयात मात्र हाती किती रक्कम पडणार, हे मुख्यतः कराराच्या अटींवरून ठरते.

आधीपासून असलेले संरक्षण

लष्कराच्या दक्षिण मुख्यालयामुळे पुण्यात माजी सैनिकांची, तर खडकी व देहूरोड येथील आयुध निर्माण्यांमुळे केंद्रीय निवृत्तांची संख्या मोठी आहे. पहिल्यांना माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचा, दुसऱ्यांना केंद्र सरकार आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. अशांना खासगी विमा लागतोच असे नाही.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली झाली. कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा करावी लागत नाही. खासगी विमा असलेल्यांनाही हा लाभ घेता येतो. वर उल्लेखिलेल्या दोन सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांना मात्र त्यांपैकी एकच योजना निवडावी लागते. अडचण रुग्णालयाची असते. शहरातील सर्वच मोठी खासगी रुग्णालये योजनेत अंगीकृत नाहीत. म्हणून खासगी विम्याचा विचार करताना आपण प्रत्यक्षात ज्या रुग्णालयात जाणार आहोत ते योजनेत आहे की नाही, हे आधी पाहणे श्रेयस्कर.

हिंजवडी किंवा खराडी येथील कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाच्या वा मुलीच्या समूह विम्यात आईवडिलांचा समावेश असणे ही पुण्यातील सर्रास आढळणारी सोय आहे. जुने आजार त्यात बहुधा पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात, पण नोकरी सुटली की संरक्षणही संपते. तेव्हा आईवडिलांचे वय सत्तरीच्या पुढे गेलेले असेल, तर नवा विमा महाग पडतो किंवा नाकारलाही जातो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विम्यात स्थलांतर करण्याची तरतूद आहे. तिची चौकशी नोकरी सोडण्यापूर्वीच करावी लागते.

अटींचे गणित

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२४ मध्ये विमा खरेदीसाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला. तरीही मधुमेह असलेल्या ६१ वर्षांच्या व्यक्तीला त्याच्याशी निगडित उपचारांसाठी ६४ व्या वर्षापर्यंत थांबावे लागू शकते. थोडा अधिक हप्ता घेऊन हा कालावधी घटवणारे विमे येथे उपयोगी पडतात.

सर्वाधिक फसगत खोलीभाड्याच्या मर्यादेत होते. समजा, मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली. कापला जातो तो केवळ ३,००० रुपयांचा फरक नव्हे. शल्यक्रिया, डॉक्टरांचे शुल्क, परिचर्या यांसारख्या खोलीच्या दर्जानुसार बदलणाऱ्या खर्चालाही तेच पाच-अष्टमांशाचे प्रमाण लागू होते. असा खर्च २,४०,००० रुपये असेल, तर १,५०,००० रुपयेच ग्राह्य धरले जातात. करारात २० टक्के सहभाग-रकमेची अट असल्यास त्यातूनही ३०,००० रुपये वजा होऊन १,२०,००० रुपये उरतात. औषधे, चाचण्या, प्रत्यारोपित साधने आणि अतिदक्षता विभाग यांना ही प्रमाणशीर कपात लागू करता येत नाही. मोतीबिंदू व गुडघेरोपण या वृद्धापकाळी नेहमी लागणाऱ्या शस्त्रक्रियांवर काही विम्यांत स्वतंत्र उपमर्यादा असतात.

मधुमेह वा रक्तदाब अर्जात लपवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो धोक्याचा आहे. विमा सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, दावा नाकारता येत नाही. त्याआधी मात्र दावा फेटाळून विमाच रद्द होऊ शकतो.

हप्ता आणि बदल

३० जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी कंपनीने प्राधिकरणाशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. कंपनी बदलता येते आणि पूर्ण केलेला प्रतीक्षा कालावधी जुन्या विमा रकमेपुरता धरला जातो. परंतु नवी कंपनी अर्ज नाकारू शकते. त्यामुळे नवा स्वीकार लेखी हाती येईपर्यंत जुना विमा खंडित करू नये.

तक्रार

दावा नाकारल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर न आल्यास अथवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. पुण्याचे लोकपाल कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावरील जीवन दर्शन इमारतीत आहे. तेथे शुल्क आकारले जात नाही, वकिलाची गरज नसते आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा होऊ शकतो. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करणे बंधनकारक आहे.