मोटार तेल, संश्लिष्ट
मोटारीच्या एंजिनातील वंगण तेलात मूळ तेल व त्याचे गुण सुधारणारी समावेशके असतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने मूळ तेलांचे पाच गट पाडले असून पहिले तीन मुख्यतः खनिज तेलापासून मिळतात. चौथ्या गटात पॉलिआल्फाओलेफिने येतात. एथिलिनापासून बनविलेल्या डेसीनाचे मोजके रेणू एकमेकांस जोडून व नंतर हायड्रोजनीकरण करून ती तयार करतात. त्यांत मेण नसल्याने −५०° से. खालीही ती वाहू शकतात. परंतु त्यांत समावेशके नीट विरघळत नाहीत व एंजिनातील रबरी सील आकसतात. यासाठी पाचव्या गटातील एस्टरे थोड्या प्रमाणात मिसळतात. एस्टरांचे रेणू ध्रुवीय असल्याने ती धातूच्या पृष्ठास धरून राहतात, समावेशके विरघळवितात व सील फुगवितात. पाण्याने मात्र त्यांचे विघटन होऊ शकते.

खरा वाद आहे तो तिसऱ्या गटाविषयी. खनिज तेलाच्या जड अंशावर उच्च दाबाखाली हायड्रोजनाची विक्रिया घडवून हे तेल मिळवितात. त्यात किमान ९० टक्के संतृप्त संयुगे असतात व श्यानता निर्देशांक १२० वा अधिक असतो. कॅस्ट्रॉलने अशा तेलास ‘संश्लिष्ट’ म्हटल्यावर मोबिलने अमेरिकेत हरकत घेतली. १९९९ मध्ये तेथील जाहिरात-परीक्षण मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला. जर्मनीत मात्र ‘पूर्ण संश्लिष्ट’ हे नाव या गटास लावीत नाहीत. त्यामुळे डब्यावरील शब्दावरून आतील तेलाचा गट ग्राहकास कळत नाही. उष्ण हवामानातील नेहमीच्या वापरात हा भेद क्वचितच जाणवतो; कडाक्याच्या थंडीत एंजिन सुरू करताना तो दिसून येतो.