‘जुनंच बरं होतं’ हे तपासायचं कसं?

‘फुल हाऊस’ ही अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिका १९८७ ते १९९५ या काळात चालली. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर तिची पुढची मालिका ‘फुलर हाऊस’ आली. आधी विधुर डॅनी मेहुण्याच्या आणि मित्राच्या मदतीने तीन मुली वाढवत होता. आता त्याची थोरली डीजे विधवा आहे, आणि बहीण-मैत्रिणीच्या साथीने तीन मुलगे वाढवतेय. चाहत्यांचं मत मात्र बऱ्याचदा एकच: “जुनंच बरं होतं.”

संशोधन करायचंय ना? मग हे वाक्य निष्कर्ष म्हणून उचलू नका, डेटा म्हणून बघा. यात तीन गोष्टी मिसळल्यात. मालिका बदलली, काळ बदलला, आणि तेव्हा आठ वर्षांचा असलेला प्रेक्षकही मोठा झाला. तिन्ही एकदमच बदलल्या, त्यामुळे नुसतं चाहत्यांना विचारून खरं कारण वेगळं काढता येत नाही.

म्हणून दुसरा गट घ्या: दोन्ही मालिका मोठेपणीच पहिल्यांदा बघणारे. निम्म्यांना आधी जुनी दाखवा, निम्म्यांना आधी नवी. त्यांनाही जुनीच आवडली, तर गुण मालिकेत असावा. नाही आवडली, तर बालपणीच्या आठवणींवर संशय घ्यायला जागा आहे.

शिवाय चर्चेत बोलतात ते जीव लावलेले लोक. पहिल्याच भागानंतर टीव्ही बंद करणारा तिथे सापडत नाही. तेव्हा ‘प्रेक्षकांना वाटतं’ असं न लिहिता ‘चर्चा करणाऱ्या चाहत्यांना वाटतं’ असं लिहा. पीएचडीच्या मुलाखतीत “विषय हलकाफुलका नाही का?” असं कुणी विचारलंच, तर ही मांडणीच तुमच्या बाजूने बोलेल.